महाराणीचे मणके

त्याला सगळे हाडवैद्य म्हणत. हे नाव ठेवलं म्युझियमच्या जुन्या पहारेकऱ्यानं, आणि नाव ठेवून वर तो ऐकवायचाही, "आमचा हाडवैद्य मोठा गुणी, पण त्याच्या हातून एकही पेशंट आजवर बरा होऊन चालत गेलेला नाही." चालत जाणार कसा? पेशंट आलेलाच मेलेला असायचा. कधी विजेच्या तारेला चिकटलेलं वटवाघूळ, कधी गाडीखाली सापडलेलं उदमांजर, कधी किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन. लोक म्युझियमच्या पुढच्या दारानं येत, तिकीट काढत, काचेमागचे पांढरे स्वच्छ सांगाडे बघत आणि "बापरे!" म्हणून पुढच्या दालनात जात. ते सांगाडे इतके स्वच्छ होतात कसे, हे बघायला मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जावं लागतं. तिथं कुणी जात नसे. नाक प्रत्येकालाच असतं.

शेड मुख्य इमारतीपासून मुद्दाम लांब बांधली होती, कारण तिच्यात किडे पाळलेले होते. होय, पाळलेले. तांदळाच्या दाण्याएवढे काळपट भुंगेरे आणि त्यांच्या केसाळ अळ्या. सुकलेलं मांस हे त्यांचं अन्न. हाडवैद्य आधी जनावराचं कातडं उतरवायचा, आतडी काढायचा, जाड मांस सुरीनं सोडवायचा, उरलेलं पंख्याखाली सुकवायचा आणि मग तो सांगाडा किड्यांच्या पेटीत ठेवून झाकण लावायचा. पुढचं काम त्यांचं. माणसाची सुई जिथं शिरत नाही तिथं ती अळी शिरते आणि हाडाला ओरखडाही न काढता सगळं साफ करते. हेच किडे मुख्य इमारतीत शिरले तर भुसा भरलेले पक्षी, कातडी, फुलपाखरं, सगळ्याचा चट्टामट्टा. म्हणून शेडमधून निघताना कपडे झटकायचे, बूट आतच ठेवायचे, हा दंडक. हाडवैद्य त्या किड्यांना "मंडळी" म्हणायचा. "मंडळी जेवत नाहीत आज," असं तो म्हणाला की समजायचं, मांस ओलं राहिलंय.

असल्या माणसाचं लग्न होणं कठीणच. एकदा ठरत आलं होतं. मुलीचे वडील म्हणाले, जावयाची कामाची जागा बघून घेऊ. त्यांनी ती बघितली. त्यानंतर त्यांच्याकडून काही कळलं नाही आणि हाडवैद्यानंही विचारलं नाही. तो दादा-वहिनींच्या घरातच राहिला. आईवडील लवकर गेलेले. त्याला दादानं वाढवला, शाळेत घातला, शाळेत जमेना तेव्हा म्युझियममध्ये चिकटवला. दादाचा शब्द त्यानं आयुष्यात कधी खाली पडू दिला नव्हता.

दादा शहरातल्या प्राण्यांच्या बागेत होता. अस्वलांचा पिंजरा त्याच्याकडे. दोघं भाऊ संध्याकाळी घरी आले की वहिनी दारातच साबण पुढं करायच्या. "एक जिवंत जनावरांचा वास आणतो, एक मेलेल्यांचा," त्या म्हणायच्या. "मी म्हणून टिकले. दुसरी असती तर कधीच माहेरी गेली असती." आणि मग दोघांना पोटभर वाढायच्या. तोंड फाटकं, पण हात सढळ, असं ते माणूस.

जेवताना बोलायचा तो दादा. आणि दादाच्या तोंडी विषय एकच: महाराणी.

महाराणी म्हणजे बागेतली अस्वलीण. ती आली तेव्हा एवढीशी होती, आई मेलेली, डोळ्यांत चिपडं. दादानं तिला बाटलीनं दूध पाजलं, स्वतःच्या स्वेटरात गुंडाळून ठेवलं. तेव्हा तिचं नाव ठमी. वयात आल्यावर ठमी म्हणजे बागेची शान झाली. दादा मधाचा पाव काठीला लावून वर धरायचा आणि ठमी दोन पायांवर उभी राहायची, पंजे हलवायची, पोरं किंचाळायची. सुट्टीच्या दिवशी अस्वलाच्या पिंजऱ्यासमोर उभं राहायला जागा नसे. पुढं ती प्रौढ झाली आणि मग तिचं ते सुरू झालं. सकाळी उठायची नाही. पिंजरा धुवायला दादा आला तरी सिमेंटच्या ओट्यावर पसरलेली. मान वळवून बघायची आणि पुन्हा डोळे मिटायची.

"महाराणी झाली आहे नुसती!" दादा घास हातात धरून सांगायचा. "म्हटलं, बाईसाहेब, उठता का? तर माझ्याकडे पाठ केली. पाठ! मग लावला पाण्याचा पाईप. थंडगार पाणी अंगावर आल्यावर काय उठली! फुरफुरत, मला शिव्या देत. मी म्हटलं, दे शिव्या, पण ऊठ."

वहिनी हसायच्या. हाडवैद्यही हसायचा. दादा तिची नक्कल करायचा, कंबर धरून, एकेक पाय टाकत, आणि घरात हसून हसून पुरेवाट व्हायची. ठमी हे नाव मागं पडलं, महाराणी राहिलं. बागेतले बाकीचे लोक पाईप लावूनही तिला उठवू शकत नसत. दादानं नुसती "ए महाराणी" अशी हाक मारली तरी बऱ्याचदा उठायची. याचा दादाला किती अभिमान! "माझ्याशिवाय कुणाला जुमानत नाही," असं तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगायचा.

मग एका सकाळी ती दादाच्याही हाकेला उठली नाही. बागेच्या डॉक्टरांनी पोट उघडून बघितलं, हृदय थकलं होतं म्हणाले, वय झालं होतं म्हणाले. अशी म्हातारी जनावरं पुरण्याचा प्रघात होता. पण दादानं साहेबांना गाठलं. "माझा भाऊ म्युझियममध्ये आहे. तिला तिकडं द्या. मातीत घालू नका." स्वतः गाडीत बसून तिला घेऊन आला. शेडच्या दारापर्यंतच. आत पाऊल टाकवेना त्याला. जिवंत जनावराचं शेण हातानं काढणारा माणूस, पण त्या वासापुढं मागं सरला.

"नीट कर तिला," तो बाहेरूनच म्हणाला. "आणि उभी कर. दोन पायांवर. सगळ्यांना आठवते तशी."

"करतो," हाडवैद्य म्हणाला.

त्यानं मनापासून काम हातात घेतलं. पंज्यांची बारीक हाडं चारही पायांची वेगवेगळ्या जाळीच्या पिशव्यांत भरली, डाव्याउजव्याची सरमिसळ होऊ नये म्हणून. कवटी वेगळी, बरगड्या वेगळ्या, पाठ अख्खी. मंडळी भुकेलीच होती. दिवस जात होते तसतशी महाराणी कमी कमी होत होती आणि दादा घरी रोज विचारत होता, "झाली का रे?" लहान मूल आईला विचारतं तसं.

पहिल्यांदा पाठ पेटीतून काढली तेव्हा हाडवैद्यानं कपाळाला आठ्या घातल्या. साफ झालेल्या पाठीचे मणके हातात घेतले की सुटे होतात, खुळखुळतात. हे सुटेनात. मधले कितीतरी मणके एकमेकांना धरून बसलेले. "मंडळींनी कामचुकारपणा केलाय," तो स्वतःशी म्हणाला. सुकलेले स्नायू राहिले असणार मध्ये. त्यानं पाठ पुन्हा पेटीत ठेवली. काही दिवसांनी काढली तर तशीच. हाडवैद्य चिडला. पेटीत हवा गार होत असेल म्हणून त्यानं दिवा जवळ आणला, भोवती पोती गुंडाळली आणि पाठ परत आत ठेवली. इतक्या वर्षांचा जाणता माणूस, एकच पाठ किड्यांना पुन्हा पुन्हा वाढतोय आणि किडे तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत! खायला काही असतं तर त्यांनी ठेवलं असतं का? हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याला ते कळून घ्यायचं नव्हतं.

शेवटी त्यानं पाठ उजेडात नेली. मणक्यांच्या खालच्या अंगानं हाडच वाढलं होतं. वितळलेलं मेण ओघळून थिजावं तसं एका मणक्यावरून दुसऱ्यावर उतरून त्यांना जोडून टाकलेलं. एका जागी ते जुळता जुळता राहिलं होतं आणि तिथं दोन्ही टोकं एकमेकांवर घासून खरखरीत झालेली. मग त्यानं कमरेची हाडं काढली. मांडीच्या हाडाचा गोल माथा एका बाजूनं काचेसारखा चकचकीत होता. सांध्यातलं गादीसारखं अस्तर झिजून गेलं की हाड हाडावर घासतं, आणि घासून घासून त्याला अशी चकाकी येते. ही चकाकी येण्यापूर्वी जनावरानं काय सोसलेलं असतं ते हाडवैद्याला ठाऊक होतं. कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं हाडंच हाताळत होता.

तरी त्यानं सस्तन प्राण्यांच्या विभागाच्या मॅडमना बोलावलं. माझं चुकत असेल, अशी आशा माणूस शेवटपर्यंत सोडत नाही. मॅडम मोठ्या अभ्यासू बाई. नाकाला रुमाल न लावता शेडमध्ये येणारी ती एकच अधिकारी. त्यांनी भिंग लावून एकेक मणका बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "काय नमुना आहे हो! इतका स्पष्ट मी पुस्तकाबाहेर पाहिला नव्हता. सिमेंटवर राहणाऱ्या म्हाताऱ्या अस्वलांना होतं हे. पाठ लाकडासारखी ताठ होते."

"दुखतं का?" हाडवैद्यानं विचारलं.

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. "खूप. उठताना सगळ्यात जास्त. त्यातही गारठ्यात."

"किती वर्षं असेल?"

"एवढं हाड वाढायला? बरीच वर्षं." मग त्यांना काहीतरी आठवलं. त्यांचा आवाज खाली आला. "ही तुमच्या भावाकडची ना?"

हाडवैद्यानं मान हलवली. त्याच्या डोळ्यांसमोर ते जेवणाचं ताट आलं, दादाचा वर धरलेला घास, पाठ केली म्हणून सांगणं, फुरफुरत उठली म्हणून सांगणं, आणि आपण सगळे पोट धरून हसत होतो ते. त्याला त्या हसण्याची लाज वाटली. लाजेपेक्षा दादाची दया आली, आणि दयेपेक्षाही भीती वाटली, की हे दादाला कळलं तर तो जगायचा कसा.

त्यानं मॅडमना एकच मागणं घातलं. ही पाठ दालनात मांडू नका. असला नमुना कपाटात ठेवायचा म्हणजे त्यांच्या जिवावर आलं असणार. "मांडली असती तर बागेतल्या लोकांनी पाहिली असती, काही शिकले असते," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या घरचं आहे. तुम्ही म्हणाल तसं. खणात ठेवू." बाई खरंच भली.

मग घरी खोटं बोलणं सुरू झालं. हाडवैद्याला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळं तो फारच वाईट बोलायचा. "झाली का रे?" विचारलं की "चरबी निघत नाहीये." पुढच्या वेळी "मॅडम रजेवर आहेत." पुढच्या वेळी "तार मिळत नाही उभी करायला." जिभेला हाड नसतं म्हणतात, पण त्याच्या जिभेला होतं, वळता वळेना. वहिनी एकदा भांडी घासता घासता म्हणाल्या, "भावोजी, काहीतरी लपवताय तुम्ही. मोडली का ती तुमच्या हातून?" तो म्हणाला, "नाही हो." हे मात्र खरं होतं. ती त्याच्या हातून मोडली नव्हती.

असंच चाललं असतं. दादाची निवृत्ती जवळ आली होती. निवृत्त झाला असता, महाराणीच्या गोष्टी सांगत म्हातारा झाला असता, आणि ती पाठ खणात राहिली असती. झाकली मूठ तशीच राहिली असती. हाडवैद्यानं मनाशी तेच ठरवलं होतं. खोटं तर खोटं. ज्यानं आपल्याला वाढवलं त्याच्यासाठी एक खोटं आयुष्यभर सांभाळायला त्याची तयारी होती.

पण बागेत आणखी एक अस्वल होतं. दुसऱ्या शहरातून आणलेलं, म्हणून दादा त्याला पाहुणा म्हणायचा. महाराणीपेक्षा वयानं बराच लहान. एके दिवशी जेवताना दादा बऱ्याच दिवसांनी हसला. "ऐकलंत का? आमचा पाहुणा महाराणीच्या वळणावर चाललाय! सकाळी उठत नाही. कुशीवर पडून माझ्याकडे बघतो. तिचंच बघून शिकला लबाड. आजवर लाड केले, उद्यापासून त्यालाही पाईप."

वहिनी हसल्या. हाडवैद्यानं हातातला घास खाली ठेवला. सांगावं तर दादा मोडतो, न सांगावं तर तो मुका जीव. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ते हेच. त्यानं ताटात पाणी ओतलं आणि उठला. दादा म्हणाला, "अरे, काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं म्युझियममध्ये रजा टाकली आणि तो बागेकडे निघाला. वाटेत दोनदा परत फिरला. बाग उघडायची होती, झाडलोट चालली होती. अस्वलांच्या पिंजऱ्यामागच्या बोळात दादा पाईप उलगडत होता. ओट्यावर पाहुणा पडला होता, आणि दादाकडे बघत होता. हाडवैद्यानं आयुष्यात इतकी अस्वलं हाताळली, पण जिवंत अस्वलाच्या डोळ्यांत इतक्या जवळून तो पहिल्यांदाच बघत होता.

दादानं नळ सोडला. हाडवैद्यानं पुढं होऊन तो बंद केला.

"काय रे? तू इथं?"

"पाणी सोडू नकोस, दादा."

"का?"

"त्याला दुखत असेल."

दादा हसला. "तुला कुणी सांगितलं?"

"महाराणीनं," हाडवैद्य म्हणाला.

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. जुळलेले मणके, चकचकीत झालेलं मांडीचं हाड, मॅडम काय म्हणाल्या ते, गारठ्यात जास्त दुखतं तेही. खाली बघून सांगितलं, सांगताना एकदाही वर बघितलं नाही. सांगून झालं तेव्हा दादाच्या हातात पाईप तसाच होता आणि पाईपच्या तोंडातून थेंब थेंब पाणी दादाच्या बुटावर पडत होतं.

"तुला मेलेल्यातलं कळतं," दादा शेवटी म्हणाला. "जिवंतातलं मला शिकवू नकोस. बाटलीनं दूध पाजलंय मी तिला. तिला दुखत असतं तर मला कळलं नसतं?"

मायेच्या माणसाला सगळं कळतं अशी आपली समजूत असते, आणि ती फार गोड समजूत आहे.

"माझ्या हाकेला उठायची ती!" दादाचा आवाज चढला. "दुखत असतं तर उठली असती का? सांग ना! बाकीच्यांना जुमानायची नाही, माझ्या हाकेला उठायची!"

"तुझ्या हाकेला उठायची, दादा," हाडवैद्य म्हणाला. "दुखत असून उठायची."

हे बोलायला नको होतं असं त्याला बोलल्या क्षणी वाटलं. दादानं पाईप खाली टाकला. "चालता हो," तो म्हणाला. ज्या दादानं त्याला कधी "जा" म्हटलं नव्हतं, तो म्हणाला, "चालता हो इथून. पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

एका घरात राहून तोंड न दाखवणं कठीण. पण दादानं ते करून दाखवलं. तो लवकर जेवून घ्यायचा किंवा जेवायचाच नाही. हाडवैद्य आला की खोलीत जायचा. साबण पुढं करणाऱ्या वहिनी दोघांच्या मध्ये सापडल्या. "तुम्ही सांगितलं ते बरं केलं की वाईट, मला कळत नाही, भावोजी," त्या म्हणाल्या. "पण हे झोपत नाहीत. बसून राहतात. काय झालं विचारलं तर म्हणतात, मी तिची नक्कल करायचो ना गं, कंबर धरून." बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. "मी पण हसायचे हो." हाडवैद्यानं त्यांच्या हातातलं ताट घेतलं आणि स्वतःच वाढून घेतलं. त्याला फार एकटं वाटत होतं. दादा रागावला होता म्हणून नाही. दादा तिकडे एकटाच जळत होता आणि आपण त्याच्याजवळ बसू शकत नाही म्हणून. लहानपणी ताप आला की दादा त्याच्या उशाशी बसायचा.

मग एका दुपारी शेडच्या दारात कुणी उभं राहिलं. हाडवैद्य एका खवल्या मांजराची शेपटी धूत होता. त्याला वाटलं पहारेकरी असेल. वर बघतो तर दादा. बागेच्या गणवेशात, तसाच कामावरून आलेला. नाकाला रुमाल लावला नव्हता. उंबऱ्याशी क्षणभर थांबला आणि आत आला.

"पाहुण्याला डॉक्टरांनी औषध चालू केलंय," तो इकडं तिकडं बघत म्हणाला, जणू मधले दिवस गेलेच नव्हते. "केळ्यात घालून देतो. ओट्यावर फळ्या टाकून घेतल्या, वर पेंढा. काल आपणहून उठला."

"बरं झालं."

"हाक नाही मारली मी." दादा जरा थांबला. "मारवत नाही आता. कुठाय ती?"

हाडवैद्यानं हात पुसले आणि खण ओढला. आत पुठ्ठ्याच्या कप्प्यांत एकेक हाड ठेवलेलं, प्रत्येकावर बारीक शाईनं क्रमांक. दादानं आधी कवटी बघितली. पुढचा एक सुळा अर्धा तुटलेला होता. "पाण्याच्या डोणीवर आपटला होता," तो म्हणाला, "दोन दिवस रुसली होती." ओळख पटली तसं त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "ते दाखव."

हाडवैद्यानं पाठ दोन्ही हातांवर घेऊन टेबलावर ठेवली. दिवा जवळ आणला. दादानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ बघत राहिला.

"इथं?"

"इथून इथपर्यंत. आणि हे बघ, इथं जुळता जुळता राहिलं. इथं सगळ्यात जास्त."

"लपवून ठेवू नका," दादा म्हणाला. "मॅडमना सांग, मांडा म्हणावं. आमच्या बागेतले येऊन बघू देत. पण उभी नको. निजलेली मांडा. फार उभी केली तिला."

"सांगतो."

दादानं तळहात त्या मणक्यांवर ठेवला. हाडवैद्यानं दाखवलेल्या जागेवर, जिथं हाड हाडावर घासत होतं. आणि तो चोळू लागला. हलके हलके, वरून खाली, वरून खाली. असा हात लावला की हाडाला तेल लागतं, डाग पडतो, म्हणून तो कुणालाही हाडाला हात लावू देत नसे. आज त्यानं लावू दिला.

"आता चोळून काय उपयोग," दादा म्हणाला. "नाही का रे?"

आणि तरी तो चोळतच राहिला.